संमिश्र अभ्यासक्रम आणि लेखनाचा सराव

ज्या अभ्यासक्रमाचा काही भाग वर्गात समोरासमोर आणि काही भाग इंटरनेटद्वारे शिकवला जातो, त्याला संमिश्र अभ्यासक्रम म्हणतात. नागपुरात धरमपेठेसारख्या, महाविद्यालये असलेल्या परिसरात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ही संकल्पना विशेष महत्त्वाची ठरली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार, एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावरून पूर्ण करण्याची मुभा शिक्षणसंस्था देऊ शकतात.

लेखन शिकताना या पद्धतीचा खरा लाभ मसुद्यात, म्हणजे लेखाच्या कच्च्या खर्ड्यात दिसतो. व्याख्यान घरीच ऐकून झालेले असल्यामुळे वर्गातला तास प्रत्यक्ष लेखनासाठी मोकळा होतो. विद्यार्थी निबंधाचा पहिला परिच्छेद मोठ्याने वाचतो, सहाध्यायी एखाद्या विधानाचा आधार विचारतो, आणि शिक्षक समासात नोंदवतात की मुख्य मुद्दा तिसऱ्या वाक्यात दडला असून तो आरंभीच यावा. अशा सूचना पारखून स्वतःच्या लेखनप्रक्रियेविषयी लिहिलेल्या टिपणाला चिंतनात्मक लेखन म्हणतात, आणि कोणती दुरुस्ती का केली, हे विद्यार्थ्याला त्यातूनच नेमके उमगते.

मात्र ही पद्धत स्वयंशिस्त मागते आणि साधनांची समानताही मागते. घरात एकच मोबाइल असलेला विद्यार्थी मागे पडू नये, यासाठी महाविद्यालयांनी ग्रंथालयातील संगणक सायंकाळीही खुले ठेवावेत, आणि विद्यार्थ्यांनी आपला प्रत्येक मसुदा तारखेसह जपून ठेवावा.