पाणी कुणाच्या गुडघ्यापर्यंत?



मी गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. शिक्षण दहावी, म्हणजे जुन्या बोलीत मॅट्रिक. हा इंजिनिअरिंगवर काय बोलणार, असं काहीजणांच्या मनात असेल. असू दे. पुलावरून जाणाऱ्याने पुलाबद्दल बोलू नये, असा कायदा अजून झालेला नाही.

पवईचं आय.आय.टी. घ्या. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड यांच्या मधोमध. २५ जुलै १९५८ ला वरळीला सासमिराच्या इमारतीत १०० पोरांवर सुरू झालं. रशियाची मदत, युनेस्कोमार्फत. देशाला पोलाद, धरणं, यंत्रं हवी होती, शिक्षणही तसंच होतं. प्रश्न दिल्लीत ठरायचा, उत्तर पवईत शोधायचं. आता प्रश्न आभाळातून कोसळतोय.

२००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने या शतकाची १४ मोठी आव्हानं जाहीर केली. स्वस्त सौरऊर्जा, शहरांची दुरुस्ती, सगळ्यांना स्वच्छ पाणी. कित्येक कॉलेजांनी त्यावर अभ्यासक्रम बेतले. यादी चांगली आहे. पण पाण्याचं आव्हान आपल्याला २००८ साली कळलं नाही. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हाच कळलं होतं. तिथे तळं होतं, तळ्यात पाणी होतं. नळ, पंप, पाइप यांची काही अडचण नव्हती. मधे माणूस उभा होता. हा धडा इंजिनिअरिंगच्या कुठल्या सेमिस्टरला आहे?

२६ जुलै २००५ आठवा. चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर, सांताक्रूझला ९४४. एकच शहर! आणि गटारं बांधलेली तासाला २५ मिलिमीटरच्या हिशोबाने, तीही ओहोटी असेल तर. त्या पाण्याने इंजिनिअरांची झोप उडवली. शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. पवईला हवामानावर स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. अलीकडे तिथल्या हवामान अभ्यास केंद्राने मुंबईचा पूर सांगणारं पोर्टल काढलंय. पाणी कुठे किती चढलं ते लोकांनीही कळवायचं. म्हणजे आपला गुडघा आता मोजपट्टी झाला. मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू? फक्त पुढचं विचारतो : गुडघा आपला, मग कागदावर नाव कुणाचं? आणि काठावरची घरं कुठे हलवायची, हे ठरताना गुडघेवाला त्या खोलीत असेल का? विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा १९७३ साली आल्या. प्राध्यापकांच्या खुर्च्यांत आपली माणसं आजही तुरळकच.

आता गटार. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं यान चंद्रावर उतरलं. दोन महिने होतायत न होतायत तोच, २० ऑक्टोबरला, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. यंत्र जमतच नव्हतं? केरळातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी 'बँडिकूट' बनवला, २०१८ ला तिरुवनंतपुरमच्या मॅनहोलमध्ये तो उतरला. पोरांनी करून दाखवलं ते मोठमोठ्या प्रयोगशाळांना आधी का सुचलं नाही? गोदीत बघा. न्हावा-शेवा १९८९ ला सुरू झालं, कंटेनर आला, क्रेन आल्या, हजारो हात रिकामे झाले. तिथे यंत्राला कुणी थांबवलं नाही, कारण हमाल महाग पडत होता. गटारात उतरणारा स्वस्त आहे, आणि त्याची जात आधीच ठरलेली. संशोधनाचा पैसा कुठे जातो, ते हा हिशोब ठरवतो.

पवईतच १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, 'सितारा' म्हणतात. पोरं खेड्यात जाऊन राहतात, पाणी मोजतात. चांगलं काम. पण साहेब, वस्ती खेड्यात असते तशी तुमच्या तळ्याखालीही असते. पवई-विहारचं पाणी ओसंडून मिठी वाहते, साकीनाका, कुर्ला करत माहीमला जाते. काठाला कोण राहतं?

इथे डिप्लोमाची, डिग्रीची पोरं-पोरी बसलीत. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट दुकानातून तयार आणू नका. आपल्या गल्लीतला प्रश्न न्या. सर म्हणतील, यात संशोधन काय? त्यांना आकडे दाखवा. अशांनी सभेनंतर मागे थांबा. काठच्या भिंतींवर दरसालच्या पाण्याच्या खुणा आहेत, त्या मोजायच्या. टेप मी आणतो, वह्या तुम्ही आणा. रविवारी सकाळी आठला, साकीनाक्यापासून.