खेळातला गोलंदाज खरा की खोटा?



आजचा विषय ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण अमरावती-अकोल्याची मुले संगणकावर क्रिकेट खेळतात, तिथले डावपेच संध्याकाळी मैदानावर नेतात आणि ते फसले की हिरमुसतात. तेव्हा पडद्यावरचा गोलंदाज पारखावा कसा, याचा थोडा विचार करू.

प्रथम आपल्या ओळखीचा खेळ घेऊ. वर्गात पुस्तक उघडायचे. डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आले की गडी बाद. डावी पाने सम आकड्यांची, म्हणून पाचांत एकदा शून्य. सरासरीने पन्नास चेंडूंत दहा गडी बाद. उरलेल्या चाळिसांवर प्रत्येकी पाच धरल्या तर 200 धावा. किती खरी वाटणारी धावसंख्या! 2019 साली नागपूरच्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाचा दुसरा डाव नेमका 200 वरच संपला होता. पण आमचा पुस्तकी डाव साडेआठ षटकांत आटोपतो, आणि त्यात गोलंदाज नावाचा प्राणीच नसतो. नुसती बेरीज जुळून भागत नाही ती अशी.

त्याच सामन्यात आपल्या आदित्य सरवटेने चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद केले, एकदा 1 वर, एकदा 0 वर. डावखुऱ्या फिरकीची ही युक्ती ज्या खेळात दर वेळी फळते तो खोटा. ज्यात ती कधीच फळत नाही तोही खोटाच. मग किती वेळा फळावी?

इथे आमची मुले घाई करतात. समजा, साठ चेंडूंमागे एक बळी हे योग्य प्रमाण आहे. तरीही दहा षटके टाकून एकही बळी न मिळण्याचा प्रसंग शंभरांत छत्तीस वेळा येणारच! तेवढ्यावर खेळाला शिव्या देण्यात अर्थ नाही. खेळपट्टी तीच, फलंदाज तोच ठेवावा, एकच गोष्ट बदलावी आणि शेकडो षटके टाकून वही भरावी. साठांत एक की पन्नासांत एक, एवढा बारीक फरक तर पाचशे षटकांनंतरही खात्रीने सांगता येत नाही.

आमच्या मते याहून सोपी कसोटी निराळीच आहे: युक्तीची किंमत मोजावी लागते का? स्लिपमध्ये तीन माणसे उभी केली तर दुसरीकडे चौकार गेलेच पाहिजेत. गोलंदाज दमला पाहिजे. एकच यॉर्कर वीस वेळा टाकला तर फलंदाजाने तो ओळखला पाहिजे.

अमेरिकेत 1961 साली बेसबॉलचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा पत्त्या-फाशांचा खेळ निघाला. त्यात पांढऱ्या फाशावर 1 ते 3 आले तर निकाल फलंदाजाच्या पत्त्यावर पाहायचा, 4 ते 6 आले तर चेंडू फेकणाऱ्याच्या. निम्मा हक्क गोलंदाजाचा! आणि पत्ता बनतो तो खेळाडूच्या खऱ्या कामगिरीवरून.

युक्ती नामी खरी. पण 29 डिसेंबर 2017 रोजी इंदूरला दिल्लीविरुद्ध रणजीचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा अकोल्याचा आदित्य ठाकरे आयुष्यातला पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना खेळत होता. त्या सकाळी त्याच्या पत्त्यावर काय लिहिले असते?