मनाचे आजार आणि आपली सोयरीक
(तोरणमाळ येथे भरलेल्या वार्षिक संमेलनातील भाषण)



सातपुड्यातील साडेतीन हजार फुटांहून उंच अशा या पठारावर आज आपण एकत्र जमलो आहोत. येथील गोरक्षनाथाच्या दर्शनास महाशिवरात्रीला दूरदूरचे यात्रेकरू येतात. कोणी अपत्यासाठी नवस बोलतो, कोणी पिकासाठी, कोणी जुनाट दुखण्यासाठी. देवापुढे दुखणे सांगण्याची कोणासही लाज वाटत नाही. परंतु तेच दुखणे मनाचे असले, तर घरी परतल्यावर त्याविषयी अवाक्षरही निघत नाही. असे का व्हावे, याचा विचार आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या मते याचे मोठे कारण सोयरीक हे आहे. घरातील तरुण मुलगा रात्ररात्र झोपत नाही, एकटाच पुटपुटतो, कोणी तरी आपल्या वाइटावर आहे असे म्हणतो, हे आईवडिलांस दिसत असते. पण डॉक्टरांकडे नेले तर चारचौघांत बभ्रा होईल आणि धाकट्या बहिणीचे ठरत आलेले स्थळ मोडेल, या धाकाने त्याला माडीवरच ठेवण्यात येते. हा धाक खोटा नाही. ‘त्या घरात वेड आहे’ एवढे शब्द कानी पडताच पुढील चौकशी थांबते. आणि हे शब्द आपल्याच मांडवात, आपल्याच पंगतीत बोलले जातात. म्हणून हा प्रश्न प्रथम ज्ञातिमंडळाचा आहे, असे आम्ही समजतो.

वस्तुतः हे दुखणे विरळा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांस त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेकांस उपचार मिळालेले नव्हते. आनुवंशिकतेचा बाऊ मात्र फार होतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात रक्ताच्या नात्यात धोका काहीसा वाढतो, हे खरे. तथापि असा आजार असलेल्या आईच्या वा वडिलांच्या बहुसंख्य मुलांस तो होत नाही. मधुमेहही घराण्यात चालतो. त्यापायी कोणी स्थळ नाकारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

लपविण्यातून दोन मोठे अनर्थ ओढवतात. ‘लग्न केले की शुद्धीवर येईल’ या समजुतीने दुसऱ्याच्या लेकीस अंधारात ठेवण्यात येते, हा पहिला. महत्त्वाची गोष्ट कपटाने दडवून लावलेला विवाह १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये न्यायालयातून रद्द करून घेता येतो. दोन्ही घरे त्यात पोळतात. दुसरा अनर्थ म्हणजे रोग्यास बांधून ठेवणे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे झोपडीस आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. भूत काढण्याच्या मिषाने दोराने वा साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. देवास नवस जरूर बोलावा. औषध मात्र वेळेवर द्यावे.

मौन सोडल्याने काय घडते, याचा दाखला खानदेशानेच दिला आहे. धुळ्याकडचे कै. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीस स्किझोफ्रेनिया झाला असता त्यांनी तो दडविला नाही. त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली, आणि त्यांच्या पुढाकाराने २००४ साली ‘देवराई’ हा चित्रपट निघाला. घरचे दुःख त्यांनी उघड केले, म्हणून तशाच इतर घरांना एकमेकांपाशी बोलण्याची जागा मिळाली.

मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. वधूवर सूचक समितीने ‘घराण्यात दोष’ हा शब्दप्रयोग कायमचा वगळावा. ज्या वधूची वा वराची चौकशी आहे, तिच्या वा त्याच्या प्रकृतीविषयी दोन्ही पक्षांनी स्वतः, आणि गरज पडल्यास डॉक्टरांसमक्ष, मोकळेपणाने बोलावे. भावंडांचे वा काकामामांचे आजार त्यात ओढू नयेत. दुसरी सूचना अशी की, मंडळाच्या प्रत्येक पत्रिकेवर १४४१६ हा क्रमांक छापावा. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ या सेवेचा तो दूरध्वनी असून, तेथे मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. तिसरी सूचना खर्चाची नाही. ज्वराने पडलेल्या माणसास आपण भेटावयास जातो, तसे अशा घरीही जावे. रोग्याशी त्याच्या नावाने बोलावे, आणि तो बरा होऊन आला की त्यास पंगतीत व कामाकाजात पूर्वीचे स्थान द्यावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्यास सन्मानाने उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. परंतु बहिणीचे लग्न मोडणार नाही, ही हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही. ती आपणच एकमेकांस द्यावयाची आहे. पुढील संमेलनात वधूवर समितीच्या अहवालात त्याचा उल्लेख यावा, अशी आमची विनंती आहे.