प्रगतिपुस्तकाचे नवे रूप

शाळेत मुलाचे कसे चालले आहे, हे कळण्याचे साधन म्हणून मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या प्रगतिपुस्तकच परिचयाचे होते. चाचणी किंवा सहामाही परीक्षा झाली की ते दप्तरातून घरी येई आणि वडिलांची स्वाक्षरी घेऊन परत जाई. शाळा आणि घर यांच्यामधला निरोप्या मूलच असे. गुण कमी पडले असतील, तर आधी आईला सांगावे की आजीला, याचा विचार करण्यापुरती उसंत त्याला मिळे.

बंगळूरच्या अनेक शाळांत आज हा निरोप्या बदलला आहे. गृहपाठ कोणता, तो केव्हा द्यावयाचा आणि त्यास गुण किती पडले, हे सारे पालकांच्या भ्रमणध्वनीवर येते. मुलीला गणितात वीसपैकी सात गुण मिळाले, हे व्हाइटफिल्डच्या कचेरीत बसलेल्या पित्याला ती घरी पोचण्यापूर्वीच कळते. बातमी लवकर आली; परंतु ती वाचावी कशी, हे सांगणारे कोणी नसते.

सहावी ते आठवीच्या वर्षांत या साधनाची गरज अधिक भासते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या इयत्तांचा वेगळा टप्पा मानला आहे. येथे प्रत्येक विषयाला निराळा शिक्षक येतो आणि काम पाच-सहा वह्यांत विखुरते. कर्नाटकाच्या राज्य अभ्यासक्रमात वर्षातून चार आकारिक आणि दोन संकलित मूल्यमापने असतात. मुलाला एवढ्या मुदती सांभाळण्याची सवय नसते, आणि ती लावणे हे घराचे काम आहे.

येथे आकडे फसवतात. एखाद्या मुलाने दहा गुणांच्या पाच कामांपैकी चारांत आठ, सात, नऊ आणि आठ गुण मिळवले, पाचवे काम दिलेच नाही, असे समजा. पन्नासपैकी बत्तीस, म्हणजे शेकडा ६४ एवढे पडद्यावर दिसते. मूल विषयात कच्चे आहे, असा समज होतो. वस्तुतः दिलेल्या कामात त्याला शेकडा ८० गुण आहेत. राहिली आहे ती एक वही. शिकवणी लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे, ती वही पुरी करून घेणे हा उपाय होय. कित्येकदा शून्य दिसते ते शिक्षकांनी वही अद्याप तपासलेली नसते म्हणूनही. म्हणून दिलेले, न दिलेले आणि न तपासलेले, हे तीन प्रकार पालकांनी आधी वेगळे करावेत; रागवायचे की नाही, ते मग ठरवावे.

पुण्याहून वा नागपूरहून बंगळुरात आलेल्या कुटुंबापुढे आणखी एक अडचण असते. शाळांतून कन्नड शिकविण्याविषयी कर्नाटकाने २०१५ साली कायदा केला. मूल ती लिपी हळूहळू गिरवते. आईला मात्र ती वाचता येत नाही. कन्नडच्या गृहपाठाची नोंद तिला पडद्यावर दिसते, परंतु त्यात काय लिहिले आहे हे कळत नाही. या अज्ञानाचाही उपयोग करता येतो. "हा धडा मला मराठीत सांग," असे आईने म्हटले, की मुलाला तो समजला आहे की नुसताच उतरून काढला आहे, हे उघड होते. शिवाय त्या घटकेपुरते मूल आईचे शिक्षक होते, आणि हा मान कोणतीही गुणपत्रिका त्याला देत नाही.

अर्थात हे साधन सर्वांच्या हाती नाही. जून २०२० मध्ये साथीच्या काळात कर्नाटक सरकारने खालच्या इयत्तांचे ऑनलाइन वर्ग बंद ठेवण्याचे ठरवले; ८ जुलै रोजी उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पुढे 'विद्यागम' योजनेखाली शिक्षक वस्त्यांत जाऊन मोकळ्या जागी शिकवू लागले, कारण असंख्य घरांत मुलांसाठी भ्रमणध्वनीच नव्हता. जेथे घरातला एकुलता एक भ्रमणध्वनी सकाळीच बापाबरोबर कामावर जातो, तेथे कागदी दैनंदिनी अद्याप राखलीच पाहिजे.

ज्यांच्या हाती हे साधन आहे, त्यांनी त्याला ठरावीक वेळ द्यावा. दर तासाला गुण पाहणारा बाप पहारेकरी होतो, आणि पहारेकऱ्यापासून गोष्टी कशा लपवाव्यात हे मुले फार लवकर शिकतात. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, मुलाला शेजारी बसवून नोंदी पाहाव्यात. पुढच्या आठवड्याच्या मुदती त्यानेच वाचून दाखवाव्यात आणि राहिलेल्या कामाची यादी त्यानेच लिहावी. सहावीत हे आईबापांनी करवून घ्यावे, सातवीत नुसते विचारावे, आठवीच्या अखेरीस मुलाने आपण होऊन सांगावे. देखरेखीची गरज अशी दरवर्षी उणावत गेली पाहिजे.

सात गुणांची बातमी यंत्राने दुपारीच दिलेली असली, तरी संध्याकाळी मुलगी दारात येताच ती तिच्या तोंडावर टाकू नये. दप्तर उतरू द्यावे, चार घास खाऊ द्यावेत आणि तिला स्वतः सांगण्याची संधी द्यावी. तिने आपण होऊन सांगितले, तर घरात विश्वास आहे, हे त्या सात गुणांहून मोठे वर्तमान पालकांना कळेल.