किडनीच्या डॉक्टरची पाटी वाचताना



मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका वहिनींनी नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी 15,000 रुपये कर्ज मागितलं. भाऊंना साखरेचा जुना आजार, त्यात पायांवर सूज. तालुक्याला ‘किडनी स्पेशालिस्ट’ अशी पाटी दिसली, म्हणून तिथे जाऊ लागले. बैठकीत आम्ही हप्ता किती, जामीन कोण, सगळं विचारलं. डॉक्टर काय शिकलाय, हे एकीनेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि कर्जाच्या कागदावर सही माझीच. पाच महिने पुड्या चालल्या, रक्त एकदाही तपासलं नाही. धाप लागली तेव्हा जिल्ह्याला नेलं. तिथे कळलं, दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात. आणि त्या पाटीवाल्याकडे किडनीची सोडाच, कसलीच डॉक्टरकीची पदवी नव्हती.

म्हणून आज पाटी कशी वाचायची ते सांगते.

किडनीच्या डॉक्टरला नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात. आधी एमबीबीएस, साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग बहुतेक जण मेडिसिनमध्ये एमडी करतात, तीन वर्षं. त्यानंतर पुन्हा परीक्षा देऊन फक्त किडनीचं शिक्षण, आणखी तीन वर्षं. त्या पदवीला डीएम नेफ्रॉलॉजी म्हणतात, नाहीतर डीएनबी. हल्ली डीआरएनबी असंही लिहितात. बारावीनंतर साडेअकरा वर्षं झाली ही! माझ्या सासूबाई म्हणाल्या, एवढं शिकेपर्यंत लग्नाचं वय निघून जायचं.

नुसतं ‘एमडी’ वाचून थांबू नका. एमडी त्वचेचं असतं, भुलीचं असतं, आयुर्वेदातही असतं. पुढे विषय काय लिहिलाय ते बघा. आणखी एक घोळ होतो. मुतखडा किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन करणारा तो युरॉलॉजिस्ट. तो सर्जन असतो, त्याची पदवी एमसीएच. साखर किंवा बीपीमुळे किडनी खराब होत असेल, डायलिसिस लागणार असेल, तर नेफ्रॉलॉजिस्टकडे जायचं.

पदवीबरोबर नोंदणी क्रमांकही हवा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असते आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. हा क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर छापलेला असावा, असा नियमच आहे. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. घरात कॉलेजला जाणारी मुलगी असली की दोन मिनिटांचं काम.

पण सूज दिसली की थेट मोठ्या डॉक्टरकडे पळा, असं मी म्हणत नाही. आपल्या आरोग्य केंद्रातले एमबीबीएस डॉक्टर बीपी, साखर बघतात. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतून जाणारं प्रथिन तपासायला सांगा. त्यात बिघाड दिसला तर पुढे कुणाकडे जायचं ते तेच लिहून देतील. साखर-बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी ही तपासणी करावी. आणि अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलवरून रोज आणून खाऊ नका बरं, त्यांनीही किडनी जाते.

आमच्या कर्जमागणी अर्जात आता एक रकाना वाढवलाय: डॉक्टरची पदवी व नोंदणी क्रमांक. परवा एक अर्ज आला, तो रकाना कोरा होता. वहिनींनीच तो परत केला.

भाऊंचं डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसलं, त्यामुळे तो खर्च वाचला. गाडीभाडं मात्र लागतंच. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या दोघांना जावं लागतं, म्हणून गटाची बैठक आम्ही आता बुधवारी घेतो.