उमेदवारीच्या आधीचे बारा आठवडे

(स्त्रियांचे काम आणि कौशल्ये या विषयावरील शिबिरात केलेले भाषण, थोडे संपादित करून.)



'यशस्वी उपक्रमाविषयी बोला' असा मला निरोप आला. तेव्हा आधी अपयशाचंच सांगते. पिंपरी-चिंचवडच्या एका वस्तीत आम्ही पहिली तुकडी सुरू केली, तेव्हा २२ मुली आल्या. बहुतेक दहावी झालेल्या, काही नापास, दोघी लग्न होऊन माहेरी परतलेल्या. आमचा हिशेब सोपा होता. आसपास एवढे कारखाने, १९६१ च्या कायद्याप्रमाणे ते शिकाऊ उमेदवार घेतातच, मग मुलींना थोडं संभाषणकौशल्य शिकवायचं आणि दाराशी नेऊन उभं करायचं. ११ जणींना घेतलंही. तीन महिन्यांनी त्यांतल्या चार उरल्या.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई. गळतीची कारणे लिहायला मला शिकवलेलं आहे. 'मुलींमध्ये आत्मविश्वासाचा अभाव' असं मी अहवालात लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. एकजण म्हणाली, "ताई, तुम्ही आठ तास लघवीला न जाता उभं राहून दाखवा, मग आत्मविश्वासाचं बघू." खात्यात बायकांसाठी संडास नव्हता. ऑफिसच्या इमारतीत होता, तिथं जायला दर वेळी सुपरवायझरला विचारावं लागे. मुलींनी सकाळपासून पाणी पिणंच सोडलं होतं. तो अहवाल मी अजून जपून ठेवलाय.

पुढच्या तुकडीपासून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी आम्ही कार्यकर्त्या कारखान्यात जाऊन संडास कुठे आहे, पाळी कधी बदलते, शेवटची बस कधी, हे पाहून आलो. जिथं सोय नव्हती तिथं मुली पाठवल्या नाहीत. मग बारा आठवड्यांचं उमेदवारीपूर्व प्रशिक्षण आखलं.

त्यातला सगळ्यात मोठा भाग मोजमापाचा. दहावी पास मुलीला पट्टीवरचा पाऊण इंच वाचता येत नाही, हे आधी आम्हाला खरं वाटेना. आमच्या शिक्षिका स्वतः आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियन. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि ब्लाऊजच्या मापापासून सुरू केलं. शिवणात अर्धा इंच किती सोडायचा हे वस्तीतल्या मुलीला चांगलं कळतं. तिथून सूत. एका इंचाचे आठ सूत, मिस्त्री याच भाषेत बोलतो आणि ही भाषा येत नाही तिला तो दिवसभर झाडू देतो. मग मिलिमीटर, आणि शेवटी ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्नियर कॅलिपर. ज्या दिवशी तो वाचता आला त्या दिवशी मुलींनी घरातल्या वाट्या, चमचे, बांगड्या, सगळं मोजून आणलं.

हत्यारांचंही तसंच. घरातला फ्यूज गेला की भाऊ उठतो, हिनं मेणबत्ती धरायची. पाना, पक्कड, टेस्टर हातात कुणी दिलेलंच नसतं, आणि मग म्हणायचं की मुलींना यंत्राची आवड नाही!

मंगळसूत्र घालावं की नाही यावर आपण किती शिबिरं घेतली असतील. लेथसमोर तो वाद पाच मिनिटांत मिटला. फिरत्या यंत्राजवळ ओढणी, बांगड्या, गळ्यातलं काहीही नको, केस टोपीत. लग्न झालेली एकजण गेटवर मंगळसूत्र काढून डब्याच्या पिशवीत ठेवते, सुटताना घालते. सासूला सांगितलेलं नाही. बूट मात्र तिच्या मापाचे मिळाले नाहीत. दोन मोजे घालून काम चालतं.

आता कायद्याचं, कारण इथं आपल्याला काम आहे. शिकाऊ उमेदवार ही कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, असं कलम १८ सांगतं. त्याचा फायदा कोण उठवतो हे तुम्हाला माहीत आहे. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दात प्रशिक्षणार्थी आणि अप्रेंटिस स्पष्टपणे येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवी, नाहीतर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आम्ही मुलींकडून तक्रार-अर्ज लिहून घेतो, कोरडा सराव म्हणून. करारपत्र मोठ्यानं वाचायला लावतो. विद्यावेतन मुलीच्याच नावच्या खात्यात. २०१९ च्या नियमदुरुस्तीत शिक्षणानुसार ते किमान ५००० ते ९००० रुपये ठरलं, एवढं तोंडपाठ.

त्याचा उपयोग झाला. एका कारखान्यात आमच्या तिघींना चार महिने पॅकिंगला बसवलं होतं. करारात ट्रेड लिहिलेला होता फिटर. आम्ही करारपत्र घेऊन तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी मुलीच बोलल्या, मी गप्प बसले. त्यांना बेंचवर घेतलं.

घरचा प्रश्न पाण्याचा निघाला. नळ पहाटे येतो, पहिली पाळी सातची. पाणी भरणार कोण? बापभावांची बैठक बोलावली, दोनच आले. शेवटी शेजारणींनी आपसात पाळ्या लावल्या. म्हणजे बाईचं काम बाईकडेच गेलं, हे मला दिसतं, पण त्या दिवशी त्याहून बरं काही सुचलं नाही.

आणखी एक. आम्ही या बारा आठवड्यांचेही बसपास आणि थोडे पैसे देतो. देणगीदारांना ते खटकतं. पण धुणीभांडी सोडून येणाऱ्या मुलीला फुकट प्रशिक्षण फुकट पडत नाही.

तिसऱ्या तुकडीतल्या १६ पैकी १३ जणींनी उमेदवारी पूर्ण केली. मात्र संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. पाच जणींना ठेवून घेतलं, त्याही कंत्राटदारामार्फत. एकीनं दुचाकी दुरुस्तीचं दुकान टाकलंय. बाकीच्यांना घेऊन आम्ही पुन्हा कारखान्यांच्या दारात उभ्या आहोत, आणि तिथं काय करायचं हे मला तुमच्याकडूनच ऐकायचंय.

करारपत्राच्या नमुन्याच्या काही प्रती आणल्या आहेत. चहाच्या वेळी मागून घ्या.