वाट मोकळी करणारा वीर



शूर शिपाई म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? हातात बंदूक घेऊन शत्रूवर धावून जाणारा गडी. हे शौर्य खरेच. पण आज आम्ही निराळ्या वीराची गोष्ट सांगणार आहोत. या वीराने सुरुंग काढले, आडवी झाडे उडवली, वाट मोकळी केली. त्यासाठी त्याला लढाईतला सर्वांत मोठा मान मिळाला. त्यांचे नाव रामा राघोबा राणे.

राणे यांचा जन्म १९१८ सालचा. कारवारजवळचे चेंडिये हे त्यांचे मूळ गाव. वडील पोलीस शिपाई. १९४० साली राणे फौजेत भरती झाले, ते साधे सॅपर म्हणून. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ता करणारा, सुरुंग पेरणारा आणि काढणारा शिपाई. त्यांच्या दलाला बॉम्बे सॅपर्स म्हणतात. त्याचे ठाणे पुण्याजवळ खडकीला आहे.

दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. तिथे त्यांनी चांगले काम केले. मग एक एक पायरी चढत ते हवालदार झाले, जमादार झाले. १९४७ च्या डिसेंबरात त्यांना अधिकाऱ्याची जागा मिळाली. ते सेकंड लेफ्टनंट झाले.

तेव्हा काश्मिरात लढाई पेटली होती. १९४७ च्या नोव्हेंबरात हल्लेखोरांनी राजौरी गाव घेतले. लोकांचे फार हाल झाले. ते सोडवायला एप्रिल १९४८ मध्ये आपली फौज नौशेराहून निघाली. पण वाट डोंगराची. शत्रूने रस्त्यात सुरुंग पेरलेले, चिडाची मोठी झाडे आडवी टाकलेली, मोऱ्या उडवलेल्या. रणगाडे पुढे जाणार कसे? ते काम राणे यांच्या तुकडीवर आले.

८ एप्रिलला सकाळी ११ वाजता तुकडी कामाला लागणार, तोच उखळी तोफांचे गोळे पडू लागले. दोन जवान जागीच गेले. पाच जण जखमी झाले. त्यांत राणे स्वतः होते. दुसरा कोणी असता तर मागे फिरला असता, आणि त्याला कोणी नावही ठेवले नसते. राणे यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि काम सुरू केले. रात्री १० पर्यंत ते थांबले नाहीत. समोर शत्रूच्या मशीनगन धडधडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला पुन्हा काम. दुपारी ३ वाजता रणगाड्यांसाठी बाजूने वाट तयार झाली. मग राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर झाडे आडवी. खाली उतरले, सुरुंग लावून झाडे उडवली. आणखी ३०० वार गेले, तर पुन्हा तेच. पुढे मोरी फुटलेली. तिच्या बाजूने त्यांनी वाट काढली.

१० तारखेला पहाटे पावणेपाचलाच ते उठून कामाला लागले. पुढचे १००० वार म्हणजे नुसते अडथळे. सकाळी साडेदहापर्यंत तेही साफ झाले. दुपारी २ वाजता रणगाडे चिंगसला पोचले. पण राणे बसले नाहीत. मागून अन्नाच्या आणि दारूगोळ्याच्या गाड्या यायच्या होत्या. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री ९ पर्यंत ते रस्ता साफ करीत राहिले. ११ तारखेलाही तेच. १२ एप्रिलला फौज राजौरीत शिरली.

१९५० साली त्यांना परमवीर चक्र जाहीर झाले. आजवर हे चक्र फक्त २१ जणांना मिळाले. त्यांतले १४ जण रणात पडले, आणि मान त्यांच्या मागे आला. या चक्रावर इंद्राची चार वज्रे आहेत. दधीची ऋषींनी आपली हाडे दिली आणि त्यांचे वज्र झाले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. तीच इथे धरली आहे. हे चक्र रेखाटले सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्या जन्माने परदेशी, पण एका मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झाल्या.

राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ साली वारले. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले.

मंडळी, आपल्या गावातूनही पोरे फौजेत जातात. सर्वांनाच चक्र मिळत नाही. पण घरी आईबाप असतात, बायको असते. जवानाचे काही बरेवाईट झाले, तर घरच्यांना कागदच उपयोगी पडतो. म्हणून त्याच्या नोकरीच्या कागदात बायकोचे नाव बरोबर लिहिले आहे का, हे आधीच बघा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम पेटीत जपून ठेवा. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मधल्या माणसाला पैसे देऊ नका. आणि कागद स्वतः वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.

आता आपल्याला वाचता येते. राणे यांनी दुसऱ्यांसाठी वाट मोकळी केली. आपल्या शेजारणीला वाचता येत नसेल, तर तिचा कागद आपण वाचून द्यावा. एवढे तरी आपल्याच्याने होईल.